मुलांना वाट बघायला कसं शिकवायचं? आगमनकाळात (नाताळाआधीचे चार रविवार) तुम्ही घरी काय करता?

जुळेसोलापूरकरीण
२४ नोव्हेंबर २०२५

सलाम सगळ्यांना. इथं वर्षभर नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगा सात वर्षांचा, मुलगी साडेचार. विषय मुलाचा आहे, मुलीचापण आहे पण ती लहान म्हणून अजून खपून जातंय. त्याला कुठल्याच गोष्टीला थांबणं माहीतच नाही. जेवायला वाढायला दोन मिनिटं उशीर झाला की ताटली वाजवणार, मोबाईलवर ते गोल गोल फिरायला लागलं की मोबाईल आपटणार, गोष्ट सांगायला बसले की तिसऱ्या वाक्याला 'शेवटी काय होतंय ते सांग ना', आणि चर्चमध्ये तर विचारूच नका, पाळकसाहेबांनी आशीर्वादाला हात वर करायच्या आत हा चपला घालून दारात. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी एक धपाटा घातला की पोरं गप बसायची. पण गप बसणं आणि धीर धरणं एकच का ओ? मला तसं वाटत नाही.

मागच्या नाताळला मिस्टरांनी पुण्याहून ते चोवीस खिडक्यांचं चॉकलेटवालं कॅलेंडर आणलं होतं. रोज एक खिडकी उघडायची, एक चॉकलेट खायचं. ५ डिसेंबरला माझ्या लक्षात आलं की आतलं सगळं केव्हाच संपलंय, पठ्ठ्यानं खिडक्या परत नीट बंद करून ठेवल्या होत्या आणि रोज प्रार्थनेनंतर एक खिडकी उघडून रिकामं तोंड हलवून दाखवायचा. मी तर हसले, खरं सांगते, पण नंतर वाईट वाटलं.

येत्या रविवारी, ३० तारखेला, आगमनकाळ सुरू होतोय. ह्या वेळी पैसे घालून काही आणायचं नाही असं ठरवलंय. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दहापंधरा मिनिटं घरातल्या घरात काहीतरी करायचं, ज्यानं त्याला वाट बघायची सवय लागेल आणि वाट बघणं म्हणजे शिक्षा नव्हे हेही कळेल. मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येतात, सोमवारी सकाळी तीच गाडी पकडून जातात, म्हणजे आठवडाभर मी एकटीच. तुमच्या घरात खरंच चाललेलं सांगा. यूट्यूबवरचं नको, ते सगळं बघून झालंय आणि त्यातलं निम्मं सामान आपल्याकडं मिळत नाही.


कडकभाकरी
२४ नोव्हेंबर

ताई, सोलापूरच्या पोराला वाट बघायला शिकवायचं?? नळाला पाणी चौथ्या नाहीतर पाचव्या दिवशी, अख्खं गाव वाट बघूनच जगायलंय की 😄

गंमत सोडा, आम्ही हेच वापरलं. माझी पोरगी दुसरीत असताना अशीच होती, सगळं आत्ताच्या आत्ता. तेव्हा बायकोनं तिला पाण्याचा हिशेब दिला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाणी आलेल्या तारखेला निळा ठिपका, मग रोज पिंपात पट्टी घालून पाणी किती खाली गेलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, आणि पाणी यायच्या आदल्या दिवशी कळशी, बादल्या, तांबे घासून ओळीनं लावायचे, हे काम तिचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आधी कुरकुर केली. महिन्याभरानं अशी झाली की रात्री दोनला नळ गुरगुरला तरी आमच्या आधी ती उठून 'आलं आलं' ओरडत बाहेर.

त्याच दिवसांत प्रार्थनेला दहा कुमारींचा दाखला वाचला, पाचजणींनी दिव्याबरोबर जास्तीचं तेल घेतलं, पाचजणींनी घेतलंच नाही, वराला यायला उशीर झाला. मी समजावून सांगायला तोंड उघडणार तर हीच म्हणाली, 'म्हणजे त्यांनी पिंप भरून ठेवलं नव्हतं.' पुढं मी काय बोलणार. प्रार्थना संपवली आणि जेवायला बसलो.

तर तुमच्या पोराला वाट बघायला लावू नका, वाट बघता बघता करायचं काहीतरी काम द्या. हात मोकळे असले की पोरं ताटली वाजवतात.


रविवारची_टीचर
२५ नोव्हेंबर

प्रिय भगिनी, सलाम. मी २२ वर्षं संडे स्कूल घेतेय, तुमच्या मुलासारखी डझनभर तरी माझ्या हाताखालून गेलीत, त्यातला एक आता स्वतः संडे स्कूल घेतो. काळजी करू नका.

आधी एक गोष्ट सांगते, मुलालाही सांगा, त्याला आवडेल. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात योहान विकर्न नावाचे पाळक होते, गरीब आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी त्यांनी आश्रमासारखं घर चालवलं होतं. डिसेंबर लागला की ती मुलं त्यांच्या मागं भुणभुण लावायची, नाताळ कधी, अजून किती दिवस, उद्या आहे का. शेवटी त्यांनी एक गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर वीस छोट्या लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लाल लावायची, रविवारी पांढरी. विचारू नका, येऊन मोजा. आज चर्चमध्ये आपण आगमनकाळाचं चक्र ठेवतो ते तिथून आलं. म्हणजे ही सगळी भानगड तुमच्या चिरंजीवांसारख्या पोरांमुळंच सुरू झाली.

आता चारच मेणबत्त्या ठेवतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. पुष्कळ ठिकाणी त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात, क्रम कुठं कुठं बदलतो, त्यावर भांडत बसू नका. घरी करायचं तर पितळी परात घ्या, वाळू भरा, कडेनं अशोकाची पानं लावा. जांभळी मेणबत्ती शोधत नवी पेठ पालथी घालू नका, पांढरीला जांभळी रिबीन बांधली की झालं, तेही नको तर दिवाळीच्या उरलेल्या पणत्या आहेतच. पहिल्या आठवड्यात एकच लावायची. त्याला चारी लावाव्याशा वाटणार, रडणार, तरी एकच. बाकीच्या तीन तिथंच समोर उभ्या राहू द्या, लपवू नका.

माझ्या वर्गातल्या एका पोरीनं एकदा विचारलं, टीचर, आशावालीच मेणबत्ती सगळ्यात बुटकी का झाली, तीच आधी संपणार का? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजूनही नीट सुचलेलं नाही.

आता जरा नाजूक विषय. ती परीक्षा तुम्ही ऐकली असेल, मुलासमोर एक गोड वडी ठेवायची, पंधरा मिनिटं खाल्ली नाहीस तर दोन देऊ म्हणायचं. १९६०-७० च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी सुरू केली, जी पोरं थांबली ती पुढं हुशार निघाली असं सगळीकडं सांगतात. पण २०१८ साली जास्त मुलं घेऊन परत तपासलं तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो फरक बराच कमी झाला. मला ह्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१३ साली छापून आलेला अभ्यास, रॉचेस्टर विद्यापीठातला. २८ लहान मुलं होती. वडी ठेवण्याआधी बाईंनी निम्म्या मुलांना सांगितलं की थांब, तुला चांगले रंग आणून देते, आणि खरंच आणून दिले. उरलेल्यांना तेच सांगितलं आणि परत येऊन म्हणाल्या, सॉरी, नाहीयेत. मग वडी ठेवली. ज्यांना रंग मिळाले होते ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती तीन मिनिटं.

पोरगं हावरट नव्हतं हो, हिशेबी होतं. जो माणूस सांगितलेलं आणत नाही त्याच्या भरवशावर हातातली वडी कोण सोडेल?

म्हणून विचारते, राग मानू नका, मिस्टर शनिवारी येतो म्हणाले की येतात ना?


वसईची_लेक
२५ नोव्हेंबर

माहेर वसई, आता होटगी रोडला. आमच्याकडं कॅथलिक घरांत गव्हाणी मोकळी ठेवायची पद्धत आहे, म्हणजे गोठा मांडायचा, मरिया, योसेफ, गाय, मेंढ्या सगळे, पण बाळ नाही. बाळ २४ च्या रात्रीच ठेवायचं. आणि गव्हाणीत गवतही आधी घालायचं नाही, मुलांनी कुणासाठी काही चांगलं केलं की एक काडी. माझी मुलं कडब्याच्या काड्या करतात, शेजारच्या आजोबांकडून दोन ताटं आणली की महिना जातो. नियम फक्त एक, आपण केलेलं आपण सांगायचं नाही, दुसऱ्यानं बघितलं तर त्यानं काडी टाकायची. नाहीतर माझा मोठा दिवसाला चाळीस काड्या कमवायचा, पाणी दिलं काडी, दार लावलं काडी, बहिणीला मारलं नाही म्हणून काडी.

रात्री बाळ ठेवताना खाली चार काड्या असल्या तर मुलांना काय वाटतं ते मी सांगायला नको.

अजून एक करते मी, बशीत ओला कापूस ठेवून गहू पेरते. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्स भागात संत बार्बराच्या दिवशी, ४ डिसेंबरला पेरतात, नाताळपर्यंत हिरवंगार होतं, मग टेबलावर ठेवायचं. आपल्याकडं थंडी कमी, दहा दिवसांतच वीतभर वाढतं आणि नाताळपर्यंत पिवळं पडतं, म्हणून मी १४-१५ ला पेरते. रोज थोडं पाणी. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही तेव्हा माझी धाकटी दाणे उकरून बघायची. उकरलेले दाणे उगवले नाहीत. मी एक शब्द बोलले नाही.


विजापूररोडकर_काका
२५ नोव्हेंबर

बाकी सगळं उत्तम. पण गहू पेरणं म्हणजे घट बसवल्यासारखं होतंय, आमच्या वडिलांनी हे घरात चालू दिलं नसतं. नव्या पिढीनं जरा विचार करून करावं. मेणबत्त्या, चक्र ह्याचीही बायबलमध्ये कुठं आज्ञा नाही. रोज एक अध्याय वाचावा, गीत गावं, प्रार्थना करावी, मुलं आपोआप सुधारतात.


वसईची_लेक
२६ नोव्हेंबर

काका, तुमचा मान राखून सांगते, गव्हाचा दाणा भूमीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो हे खुद्द प्रभूनंच सांगितलंय, योहान १२. दाणा पेरल्याशिवाय पोराला ते कसं कळणार? शहरातल्या पोरांनी पीठच बघितलंय.


शेजारची_मावशी
२६ नोव्हेंबर

मी ख्रिश्चन नाही, शेजारणीनं हा धागा पाठवला म्हणून आले. काकांना एवढंच सांगते, आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतो ते काय पूजा म्हणून नव्हे, शिवाजी महाराजांच्या मागं जंगल पाहिजे म्हणून. पोरं तीन दिवस किल्ल्याभोवती पालथी पडून बघत असतात उगवलं का उगवलं का. गहू म्हणा, अळीव म्हणा, उगवणारं काहीही द्या पोरांच्या हातात. आणि जमलं तर जानेवारीत शेतात न्या हुरड्याला. आपल्या भागातली मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, हुरड्याला तीन महिने लागतात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. ताटात भाकरी पडायला किती वाट बघितली ते रानात उभं राहिल्यावरच कळतंय.


विजापूररोडकर_काका
२६ नोव्हेंबर

हे मात्र पटलं. याकोबाच्या पत्रात आहेच, पाचवा अध्याय सातवं वचन, शेतकरी भूमीच्या मोलवान पिकाची वाट बघत पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. आमच्या वडिलांची दहा एकर कोरडवाहू होती, शेवटचा पाऊस म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नाही. पेरा गहू.


लष्करातली_आजी
२७ नोव्हेंबर

नातवाकडून टाईप करून घेतेय. सुनबाई, नाताळचा फराळ घरी करता की विकत आणता? विकत आणत असाल तर तिथंच पहिली चूक.

अनारसे करा. पोराला धीर शिकवायला अनारशासारखं दुसरं काही नाही, मला शिकवला, माझ्या चार पोरांना शिकवला. जुना तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, हे काम पोराचं. चौथ्या दिवशी उपसून सुती कापडावर सावलीत पसरायचा, पूर्ण वाळू द्यायचा नाही, हाताला दमट लागला पाहिजे, दमट असतानाच दळायचा आणि बारीक चाळणीनं चाळायचा. त्यात किसलेला गूळ, पिठापेक्षा जरा कमी, चमचाभर तूप, घट्ट गोळे करून डब्यात दाबून भरायचं. आता डबा बंद. चारपाच दिवस उघडायचा नाही, आठवडा राहिला तर अजून चांगलं. मग खसखशीवर थापायचे आणि मंद आचेवर तुपात एकाच बाजूनं तळायचे, खसखस वरच्या अंगाला, उलटायचं नाही, झाऱ्यानं तूप वर उडवत राहायचं.

घाई केली, पीठ मुरलं नाही किंवा गूळ जास्त झाला, की अनारसा कढईत हसतो, विरघळून पसरतो सगळा. मी लहान असताना चोरून डबा उघडून पीठ खाल्लं होतं. आई काही बोलली नाही. तळायच्या दिवशी माझ्या वाटणीचं पीठ कमी होतं, मला दोनच अनारसे आले, भावांना पाच पाच. आज सत्त्याहत्तर वय आहे माझं, अजून आठवतंय. धपाटा कधीच विसरले असते.

दुसऱ्या आठवड्यात तांदूळ भिजत घाला म्हणजे नाताळला ताजे होतील.

(आजीचं संपलं. नातू म्हणून माझं एक: आम्हाला ह्या वर्षी अजून एकही मिळालेला नाही.)


गिरणगल्ली
२८ नोव्हेंबर

सगळ्यांचं वाचलं. छान आहे, पण मला थोडं वेगळं लिहायचंय, मूड खराब झाला तर माफ करा.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी तुमचा मुलगा आहे त्याच वयाचा, सात-आठ. देणी मिळणार म्हणून सगळे वाट बघायला लागले. आमच्या घरी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना, आई विड्या वळत वळतच बसायची, सूप मांडीवर, आणि वडिलांच्या प्रार्थनेत एक वाक्य ठरलेलं, प्रभू, आमचे पैसे मोकळे कर. मी ते वाक्य किती वर्षं ऐकलं असेल सांगता येत नाही. आम्हाला वाटायचं ह्या नाताळला मिळणार. मग त्या नाताळला सायकल. मग पुढच्या. शेवटी मिळाले ते थोडेसे मिळाले आणि वडील तोवर नव्हते.

मला बरीच वर्षं 'आशा' ह्या शब्दाचाच राग होता. चर्चमध्ये गीत लागलं की बाहेर जाऊन उभा राहायचो. टीचरबाईंनी सांगितलेला तो अभ्यास आज पहिल्यांदा वाचला आणि वाटलं, मी त्या तीन मिनिटवाल्यांतला.

मग परत कसा आलो? वडिलांची एक वही होती. ते गेल्यावर उघडली. दर वर्षी २४ डिसेंबरच्या पानावर त्यांनी दोन ओळी लिहिलेल्या, एक, काय मागितलं, दुसरी, काय झालं. पैशांसमोर दर वर्षी 'नाही'. पण खाली बारीक अक्षरात बाकीचंपण होतं, शेजाऱ्यानं दोन पायल्या ज्वारी दिली, थोरलीला ताप उतरला, हिनं आज हसून बोलली. एका वर्षी तर नुसतं 'पोरगं माझ्याबरोबर चालत चर्चला आलं'. ते पोरगं म्हणजे मी. मला तो दिवस आठवतसुद्धा नाही.

रोमकरांस पत्रात क्रम दिलाय बघा, संकटानं धीर, धीरानं शील, शीलानं आशा. मला आधी वाटायचं उलटं असायला पाहिजे, आशा आधी आणि मग तिच्या जोरावर धीर. वडिलांकडं बघून क्रम कळला.

म्हणून ताई, मुलाला 'थांब म्हणजे मिळेल' एवढंच शिकवू नका. शिमोन आणि हन्नाची गोष्ट सांगा, तारणाऱ्याची वाट बघणारे ते दोघं, ज्यांना मंदिरात बाळ येशू दिसला, लूक दुसरा अध्याय. हन्ना सात वर्षं संसार करून विधवा झाली, चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, मंदिर सोडून गेली नाही. आणि इतक्या वर्षांनी दिसलं काय तर गरीबाचं एक तान्हं पोर. कबुतरांच्या जोडीवर अर्पण भागवणारे आईबाप. दुसऱ्या कुणी बघितलंसुद्धा नसेल त्यांच्याकडं. मी माझ्या मुलांना हीच गोष्ट सांगतो आणि वडिलांसारखी वही घातलीय, त्यात 'नाही' पण लिहितो. मुलं विचारतात 'नाही' का लिहायचं. म्हटलं खोटी वही कोण वाचेल.

आणि टीचर, तुमच्या त्या पोरीच्या प्रश्नाचं, ती मेणबत्ती बुटकी होणारच की, ती पहिल्या दिवसापासून पेटलेली असते.


रविवारची_टीचर
२८ नोव्हेंबर

भाऊ, येत्या रविवारी वर्गात सांगते हे. तुमचं नाव न घेता.


जुळेसोलापूरकरीण
१४ डिसेंबर २०२५

उशीर झाला उत्तर द्यायला, सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं, गिरणीवाल्या दादांचं तर मिस्टरांना फोनवर वाचून दाखवलं.

टीचर, तुमच्या प्रश्नाचा राग नाही आला, पण दोन दिवस उत्तर द्यायचं धाडसच झालं नाही. नाही येत ते दर शनिवारी. कधी काम निघतं, कधी तिकीट नसतं. आणि आम्ही दोघंही पोराला गुरुवारपासून 'पप्पा येणार पप्पा येणार' सांगत असतो कारण तेवढंच सांगितलं की तो जेवतो. पहिल्याच शनिवारी, २९ तारखेला, असंच झालं. हा चार वाजल्यापासून गेटवर. सातला फोन आला. मी त्या रात्री मिस्टरांना त्या बारा मिनिटं आणि तीन मिनिटांचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले फोन त्याला दे.

आता घरात नियम आहे, तिकीट हातात असलं तरच 'येतो' म्हणायचं, नाहीतर 'बघतो'. पोरगं आता फोन उचलल्या उचलल्या विचारतं, 'पप्पा, येतो का बघतो?' मागच्या शनिवारी 'येतो' होतं. गाडी पोचून घरी यायला साडेदहा वाजले, तोपर्यंत हा खुर्चीतच झोपला होता, पण झोपायच्या आधी एकदाही विचारलं नाही कधी येणार म्हणून. सासूबाईंच्या लक्षात आलं ते, माझ्या नाही.

परातीतलं चक्र केलंय. पहिल्या रविवारी अपेक्षेप्रमाणं रडारड, चारी लावायच्या होत्या. दुसऱ्या रविवारी धाकटीनं चारी लावायचा हट्ट धरला तर हाच तिला म्हणाला, 'तसं नसतंय ते, मोजायचं असतंय.' आज गुलाबी लावली. निळे ठिपकेपण चालू आहेत, पिंपात पट्टी घालताना एकदा डोक्यावर पालथा पडता पडता वाचला, ते सोडा. काड्यांचं अजून जमत नाहीये, धाकटी गव्हाणीतल्या काड्या काढून बाहुलीचा झाडू करते.

वही घातली. पहिल्या पानावर त्याने मागितलंय, क्रिकेट किट आणि पप्पांची सोलापूरला बदली. मी समोर काही लिहिलं नाही, जागा सोडलीय.

आणि आजी, अनारसे! १० तारखेला रात्री तांदूळ भिजत घातले. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी पाणी हाच बदलतो, शुक्रवारी मी घाईत बदलून टाकलं तर भांडण, मग परत नुसतं त्याच्यासाठी एकदा बदलावं लागलं, पाणीटंचाईत. आज दुपारी उपसून सावलीत पसरले, मिस्टर घरी होते त्यांनी आणि त्यानं मिळून चाळलं, दोघांच्या भुवया पांढऱ्या. गूळ घालून गोळे केले, त्याला बोट चाटायला दिलं, डबा बंद. कपाटात वर ठेवायला गेले तर म्हणाला वर नको, खालीच ठेव, मला दिसला पाहिजे.

डब्याला चिकटपट्टी लावलीय त्यानं, चारी बाजूंनी. वर पेननं लिहिलंय, '२१ तारीख'. आणि खाली, 'आई उघडू नको'.